हळदोण्याचा आंतोनियो ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ कसा झाला?

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट संपवून घरी आलेला एखादा पोरगा रात्री गिटार काढून बसतो. कॉर्ड्स त्याला येतात. हिंदी गाणी वाजवून झालीत, मित्राच्या हळदीत टाळ्यापण मिळाल्यात. मग कधीतरी यूट्यूबवर जॅझ सापडतं आणि डोकं फिरतं. तो एक जुनं गाणं निवडतो. जॅझवाले अशा सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्याच्या कॉर्ड्स पाठ करतो, आणि सोलोची जागा आली की हात थांबतात. आता वाजवायचं काय?

हाच प्रश्न नव्वदेक वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका पोरापुढे होता. त्याच्या हातात गिटार नव्हती, ट्रम्पेट होता. त्याचं उत्तर शोधत तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोहोचला आणि तिथून थेट ‘अलबेला’च्या पडद्यावर. जग त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखतं.

खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916 चा, बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. पोर्तुगीजांनी गोव्याचं काय काय केलं हा वेगळा विषय आहे, पण गावोगावच्या चर्चच्या शाळांतून पोरांना संगीत शिकवण्याची पद्धत त्यांच्यामुळे रुजली. पोरं लहानपणीच पाच रेघांवरचं नोटेशन वाचायला शिकायची, व्हायोलिन धरायची, चर्चमध्ये चार सुरांत गायची. कागदावर लिहिलेलं काहीही समोर ठेवा, गोव्याचा वादक ते बघून वाजवणार अशी ख्याती त्यातूनच झाली. चिकही अशाच शाळेतून शिकला.

आईची इच्छा मात्र साधी होती. पोराने मेकॅनिक व्हावं, चार पैसे घरी आणावेत. पोराला ट्रम्पेटशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

आता इथे गंमत आहे. नोटेशन वाचता येणं आणि जॅझमध्ये सोलो घेता येणं या दोन वेगळ्या गोष्टी. चर्चच्या शाळेत जे लिहिलंय ते चोख वाजवायला शिकवत. जॅझचा सोलो लिहिलेलाच नसतो.

जरा थांबून हे समजून घेऊ. बऱ्याच जॅझ स्टँडर्डची लांबी 32 मात्रागटांची असते, ज्याला ते बार म्हणतात. आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा बहुधा सारखा, तिसरा वेगळा. बँड आधी मूळ चाल वाजवतो. मग चाल बाजूला पडते, कॉर्ड्सची तीच साखळी पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि तिच्यावर एकेक वादक तिथल्या तिथे नवी चाल रचतो. आपल्याकडे रागात आलाप-ताना घेतात तसंच, असं तुम्ही म्हणाल. पण एक मोठा फरक आहे. रागात स्वर ठरलेले असतात आणि षड्ज हलत नाही. जॅझमध्ये पायाखालची फरशीच दर एक-दोन बारला बदलते. आत्ता बरोबर वाटणारा सूर पुढच्याच क्षणी खुपायला लागतो.

म्हणून नुसती स्केल पाठ करून भागत नाही. आपल्या बोईसरच्या गिटारवाल्याने डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन या तीन कॉर्ड्स एकामागोमाग वाजवून बघाव्यात. पहिल्या कॉर्डमधला सी दुसऱ्या कॉर्डला एक फ्रेट खाली सरकून बी होतो. पहिल्या कॉर्डमधला एफ दुसरीतही टिकतो आणि तिसरीला एक फ्रेट उतरून ई होतो. बास, एवढे दोनच सूर योग्य वेळी सरकवले तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचं कळतं, मागे कोणी साथीला नसलं तरी. सोलोची सुरुवात या एका फ्रेटच्या हालचालीपासून होते. बाकीची नक्षी नंतरची.

ही भाषा चिकच्या पिढीला कोणी फळ्यावर लिहून शिकवली नाही. त्यांची शाळा म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, त्यात सोलो अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. सुई उचला, मागे ठेवा, परत ऐका. चिकचं दैवत होतं अमेरिकेचा लुई आर्मस्ट्राँग. 1920 च्या दशकात आर्मस्ट्राँगने जॅझची दिशाच बदलली होती. आधी सगळे मिळून एकाच वेळी वाजवायचे, त्याने एकट्याच्या सोलोला गाण्याचा केंद्रबिंदू बनवलं. चिकने त्याची नुसती वाजवण्याची ढब उचलली नाही, तर ती उभं राहण्याची लकब आणि हातातला रुमालसुद्धा उचलला.

आपल्याकडे नक्कल हा शब्द जरा कमीपणाचा वाटतो. पण गुरूसमोर बसून त्याची तान जशीच्या तशी गळ्यात उतरवणं ही आपलीही रीत आहेच की. फरक एवढाच, की चिकचा गुरू हजारो मैलांवर होता.

आणि मुंबईत नशीबही साथीला होतं. 1935 च्या अखेरीला लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडलीडर आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला. अमेरिकेतल्या वर्णभेदाला कंटाळलेले हे वादक इथे मानाने वाजवत होते, आणि गोव्याची पोरं त्यांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसून वाजवत शिकत होती. तबकडीवर ऐकलेलं आता डोळ्यांसमोर दिसत होतं.

चिक आधी रंगूनला वाजवून आला, मग मुंबईत स्थिरावला. चाळिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचा स्वतःचा अकरा जणांचा बँड ताजमध्ये वाजवत होता. उन्हाळ्यात साहेबलोक आणि राजेरजवाडे मसुरीला गेले की बँडही त्यांच्या मागे मसुरीला. याच काळात त्याला ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ ही पदवी चिकटली. कौतुकाचीच होती, पण विचार केला तर जरा अडकवणारीही. लोक त्याच्यात दुसऱ्याला ऐकायला येत होते.

मग देश स्वतंत्र झाला. गोरे ग्राहक निघून गेले, संस्थानं विलीन झाली. त्यात 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. ज्या हॉटेलांत रात्री नाच चालायचा तिथला धंदाच बसला. नाचणारे नाहीत तर बँड कशाला? वादकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर होतं हिंदी सिनेमा.

इथे गोष्टीत येतो आपला मराठी माणूस. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. अण्णांना पाश्चात्त्य ठेक्यांचं भारी वेड. 1947 च्या ‘शहनाई’तल्या संडेवाल्या गाण्याने त्यांनी ते दाखवून दिलं होतं. त्यांच्याकडे चालींची खाण होती. चिककडे ब्रास सेक्शन कसा बोलवायचा, लॅटिन ठेका कुठे टाकायचा, गाण्याच्या सुरुवातीला ट्रम्पेटने कशी हाक मारायची हे ज्ञान होतं. जोडी जमली. 1950 च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ आठवा. लंडनचा बँडलीडर एडमुंडो रॉसच्या एका लॅटिन गाण्यावरून ते बेतलेलं आहे, आणि त्याचा तडका आजही उतरलेला नाही.

पुढच्या वर्षी भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. लालबाग-परळच्या कामगारांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा. त्यात चिक आणि त्याचा बँड झालरी लावलेल्या बाह्यांचे भडक कपडे घालून चक्क पडद्यावर दिसतो. ताजच्या बॉलरूममध्ये ज्यांना कोणी पाऊल ठेवू दिलं नसतं, त्या गिरणगावच्या पब्लिकने थिएटरात हा ट्रम्पेट ऐकून पैसे उधळले. माझ्या मते चिकच्या आयुष्यातली ही ताजपेक्षा मोठी मैफल. तिथे त्याला आर्मस्ट्राँगच्या मापाने मोजणारं कोणी नव्हतं.

पण त्यातली सल अशी, की तो वाजवतोय हेही बहुतेकांना ठाऊक नव्हतं. तबकडीवर गायकाचं आणि संगीतकाराचं नाव असायचं, वादकाचं नाही. गोव्याच्या शेकडो वादकांनी हिंदी गाण्यांना हार्मनी दिली, मधल्या जागा रचल्या, आणि त्यांची नावं रेकॉर्डिंगच्या खोलीतच राहिली. चिक त्यातल्या त्यात भाग्यवान. 1951 मध्ये देव आनंद आणि मधुबालाच्या ‘नादान’ला त्याने स्वतंत्रपणे संगीत दिलं, पुढच्या वर्षी ‘रंगीली’ला. पण संगीतकार म्हणून गाडी फार पुढे गेली नाही. तो पुन्हा दुसऱ्यांच्या चाली सजवण्याकडे वळला. मदन मोहन यांच्याबरोबरही त्याने काम केलं.

1966 मध्ये चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला. राजेश खन्नाचा पहिला सिनेमा म्हणून तो लक्षात राहिला, पण त्यात खय्याम यांचं एक क्लबमधलं गाणं आहे, ‘रुत जवां जवां’. पडद्यावर गाणारा तरुण म्हणजे भूपिंदर सिंग. तोच भूपिंदर, ज्याने पुढे आर. डी. बर्मनच्या कितीतरी गाण्यांत गिटार वाजवली. आणि त्याच्यासोबत ट्रम्पेट घेऊन उभा असलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस म्हणजे आपला चिक.

पुढच्याच वर्षी, मे 1967 मध्ये, 51 व्या वर्षी चिक गेला.

ते गाणं यूट्यूबवर आहे. गिटार जवळ असेल तर गायकाच्या ओळीमागून येणारा ट्रम्पेट नीट ऐका. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, म्हणून तो वाक्य संपवतो, थांबतो, मग पुढचं बोलतो. गिटारवाल्याला श्वासाची गरज नसते, त्यामुळे बोटं न थांबता धावत सुटतात आणि सोलोचा चिवडा होतो. चिकची एक ओळ आधी तोंडाने गा, मग ती तारांवर शोधा. सुई मागे ठेवायची कटकट तर आता नाहीच.