विश्लेषण : ताशी ८८ किमीची मोटारसायकल ३०० किमीच्या घरात कशी पोहोचली? बर्ट मन्रो आणि ट्रॅक्टरच्या आसातून घडलेले कनेक्टिंग रॉड…

ऑगस्ट १९६७ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ६८ वर्षांच्या एका न्यूझीलंडवासीयाने १९२० सालच्या मोटारसायकलवर ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा हीच गाडी जेमतेम ताशी ८८ किलोमीटर धावत असे. एक हजार सीसीखालच्या त्या गटातील विक्रम आजही बर्ट मन्रो यांच्याच नावावर आहे. भंगारातून विश्वविक्रम अशी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण इतक्या वेगात ते जुने इंजिन फुटले कसे नाही, हा खरा प्रश्न. त्याचे बरेचसे उत्तर इंजिनातल्या दोन पोलादी दांड्यांत आहे.

बर्ट मन्रो कोण होते?

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिल इथला. जुळ्यांपैकी बहीण जन्मतःच गेली आणि हे मूलही फार जगणार नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. ते खोटे ठरवत मन्रो एडनडेलजवळच्या घरच्या शेतावर वाढले. शेतीपेक्षा वेगाचे वेड मोठे. १९२० मध्ये त्यांनी नवीकोरी ‘इंडियन स्काउट’ घेतली. (नावातल्या ‘इंडियन’चा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरातील या कंपनीने ते तिथल्या मूळ रहिवाशांवरून घेतले होते.) इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात दोन सिलिंडर, सुमारे ६०० सीसीचे इंजिन. त्या काळी दणकट आणि सुटसुटीत म्हणून नावाजलेली गाडी.

१९२६ पासून मन्रो यांनी त्या गाडीत बदल करायला सुरुवात केली आणि ते काम आयुष्यभर थांबले नाही. दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी आणि रात्री स्वतःच्या गाडीची चिरफाड, असा त्यांचा बराच काळ गेला. पैसा नव्हता, हाताशी कारखाना नव्हता. पिस्टन ओतायला जुने पत्र्याचे डबे साचे म्हणून चालत. मायक्रोमीटर म्हणून चाकाच्या जुन्या स्पोकपासून केलेले हत्यार. या नादाची किंमत घरानेही मोजली. चार मुलांचा संसार होता. १९४७ मध्ये पत्नीशी घटस्फोट झाला. पुढे त्यांनी नोकरीही सोडली आणि गाड्या ठेवायच्या शेडमध्येच मुक्काम हलवला. त्या शेडमधल्या फळ्यांवर फुटलेले पिस्टन, वितळलेले आणि मोडलेले भाग मांडून ठेवलेले असत. वेगाच्या देवाला वाहिलेले ते दान आहे, असे त्यांनी तिथे लिहूनच ठेवले होते. या ओळीत विनोद आहे, पण त्या फळ्या म्हणजे मन्रो यांची खरी प्रयोगवहीही होती. काय मोडले आणि कुठून मोडले, हे तिथे डोळ्यांसमोर असे.

सगळे कनेक्टिंग रॉडवरच का अडते?

पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होतो, क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारी दांडी म्हणजे कनेक्टिंग रॉड. इंधनाचा स्फोट होऊन पिस्टन खाली ढकलला जातो तेव्हा रॉड दाबला जातो, आणि त्याला धोका तिथेच असावा असे कोणालाही वाटेल. दाबाने रॉड वाकू शकतो हे खरे. पण वेग वाढत जातो तसा मोठा धोका उलट्या बाजूने येतो, ओढीतून.

पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो, क्षणभर थांबतो आणि त्याला पुन्हा खाली खेचावे लागते. हे खेचण्याचे काम रॉडचे. जळालेला वायू बाहेर टाकण्याच्या फेरीत तर पिस्टनच्या डोक्यावर गॅसचा दाबही जवळपास नसतो, त्यामुळे सगळी ओढ एकट्या रॉडवर पडते. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. फेरे दुप्पट झाले की ओढ चौपट. स्काउटसारख्या इंजिनाचा स्ट्रोक साधारण ७८ मिलिमीटर आणि पिस्टनसह वरखाली होणारे वजन अर्धा किलो, असे समजून हिशेब केला, तर मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर रॉडला बसणारा हिसका सुमारे १७० किलो वजन टांगल्याइतका येतो. ५,००० फेऱ्यांवर तोच सुमारे ६८० किलो. दाबाची कसलीही मदत नसलेला असा हिसका सेकंदाला ४० हून अधिक वेळा बसतो.

एकदा ओढून न तुटणारे पोलाद हजारो वेळा ओढल्यावर तुटू शकते. तार एकाच ठिकाणी वाकवत राहिलो की ती तुटते, तसाच हा धातूचा थकवा. बारीकशी भेग पडते, दर हिसक्याला केसभर पुढे सरकते आणि एक दिवस रॉडचे दोन तुकडे होतात. मोडलेला रॉड फिरत्या क्रँकबरोबर आतल्या आत घणासारखा आपटतो. इंजिनाचे कवच फुटते, कधी मागचे चाक जागीच अडकते. रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला हे झाले तर गाडी ढकलत गॅरेजला न्यावी लागेल. ताशी २५० किलोमीटरला, तेही सगळीकडून बंद केलेल्या लांबट कवचात पालथे पडलेले असताना झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

शिवाय मन्रो नुसते फेरे वाढवत नव्हते. इंजिनाची क्षमता ६०० वरून ८५०, मग ९२० आणि शेवटी ९५० सीसीपर्यंत गेली. पिस्टन मोठा म्हणजे स्फोटाचा रेटा जास्त आणि बहुधा वजनही जास्त. बाजूला बसवलेल्या व्हॉल्व्हची मूळ रचना काढून त्यांनी व्हॉल्व्ह डोक्यावर आणले, दोनऐवजी चार कॅम बसवले. यातला प्रत्येक बदल इंजिनाला जास्त श्वास घेऊ देणारा आणि म्हणून रॉडवरचा भार वाढवणारा होता. रोजच्या वापरासाठी बनलेले मूळ रॉड यात टिकणे शक्यच नव्हते.

मग ट्रॅक्टरचा आस कशासाठी?

बाजारात अशा कामाचे तयार रॉड मिळत नव्हते आणि कोणाकडून करून घ्यायची ऐपत नव्हती. मन्रो यांनी वेगवेगळे रॉड करून, मोडून पाहिले. शेवटी जे वापरले ते कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसातून हाताने कोरलेले होते. यात गंमत वाटते, पण निवड आंधळी नव्हती. अवजड ट्रॅक्टरचा आस सतत पिळवटला जातो, खड्ड्यांचे धक्के खातो. त्याला नुसते कडक पोलाद चालत नाही, चिवट लागते. रॉडलाही नेमके तेच हवे असते. भंगार दिसायला फुकटचे असले, तरी मूळ पोलाद नामांकित कारखान्याने निवडून घेतलेले होते.

तरीही आस कापून रॉडचा आकार दिला की काम संपत नाही. पोलाद लाल तापवून झटकन थंड केले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. मग ते पुन्हा बेताच्या उष्णतेला तापवून त्याला पाणी द्यावे लागते. तेव्हा थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा परत येतो. हा तोल साधणे हीच सारी कला. मन्रो यांच्या रॉडची ताणशक्ती १४३ टनांपर्यंत नेल्याची नोंद त्यांच्या चरित्रात सापडते. साध्या पोलादाची चौरस इंचाला साधारण ३० टनांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले की आकडा किती मोठा आहे ते कळते. शेडमध्ये राहणाऱ्या माणसाने ते साधले, याचे आश्चर्य आसापेक्षा कितीतरी जास्त आहे.

रॉड बदलला की शेजारपाजारही बदलावा लागतो. जड रॉड मजबूत असतो, पण क्रँकपिनवरच्या बेअरिंगवर जास्त भार टाकतो. त्याचे वजन बदलले की फ्लायव्हीलचा समतोल बिघडतो आणि इंजिन थरथरते. लांबीत फरक पडला की पिस्टन एकतर हेडला धडकतो किंवा कॉम्प्रेशन कमी होते. त्यात स्काउटमध्ये दोन्ही रॉड एकाच क्रँकपिनवर बसतात, एकाच्या दुबेळक्यात दुसरा. म्हणजे दोन्ही एकमेकांच्या मापात घडवायचे. मन्रो यांनी फ्लायव्हील, सिलिंडर, पिस्टन, कॅम, तेल पुरवण्याची व्यवस्था असे एकामागून एक सगळेच स्वतः केले, ते हौसेखातर नव्हते. एक भाग मजबूत झाला की मोडण्याची पाळी पुढच्या भागावर येत असे. वाढलेली ताकद चाकापर्यंत नेण्यासाठी १७ प्लेटचा क्लचही त्यांनाच करावा लागला.

जुन्या मोटारसायकली जपणारे आजही याच वाटेने जातात, फक्त साधने सुधारली आहेत. निकेल, क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचे घडीव रॉड मिळतात. चुंबकीय तपासणीत डोळ्यांना न दिसणारी भेग सापडते. पृष्ठभागावर बारीक छर्रे मारून तो दाबलेला ठेवतात, म्हणजे भेग सुरूच होत नाही. कानशीचा आडवा ओरखडादेखील भेगेचे बी ठरू शकतो, म्हणून घासकाम नेहमी रॉडच्या लांबीच्या दिशेने. आपल्याकडे जुन्या बुलेटचे इंजिन खोलल्यावर बिग एंडच्या बुशऐवजी रोलर बेअरिंग बसवून घेणारे आहेत. तेही याच घराण्यातले दुरुस्तीकाम.

बॉनव्हिलला काय घडले?

घराजवळचा ओरेटीचा समुद्रकिनारा ही मन्रो यांची सरावाची जागा. १९५७ मध्ये त्यांनी तिथल्या वाळूवर ताशी २११ किलोमीटरचा वेग नोंदवला. पण वाळूच्या पट्ट्याला अंत असतो. इतक्या ताकदीच्या गाडीला मैलोन्‌मैल सपाट जमीन हवी, ती बॉनव्हिलला. तिथे ते दहा वेळा गेले, पहिल्यांदा नुसते पाहायला. हृदयाचे दुखणे तोवर मागे लागले होते.

१९६२ मध्ये ८५० सीसीच्या इंजिनावर त्यांनी ताशी २८८ किलोमीटरचा गटविक्रम केला. १९६६ मध्ये पुढच्या गटात ताशी २७० किलोमीटर. १९६७ च्या पात्रता फेरीत एका दिशेने गाडी ताशी ३०५.८९ किलोमीटरने गेली. ‘इंडियन’ मोटारसायकलवर अधिकृतपणे मोजलेला हा सर्वाधिक वेग. त्याच वर्षीची एक धाव मात्र जिवावर बेतली. वेगात गाडी डगमगू लागली, ती आवरायला मन्रो उठून बसले, तर वाऱ्याने गॉगल उडवून नेला. काही दिसेना. लोखंडी खुंटा थोडक्यात चुकला आणि शेवटी त्यांनी गाडी मिठावर आडवी घातली. खरचटण्यावर निभावले.

चित्रपट आणि वस्तुस्थितीत फरक किती?

२००५ च्या ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’मध्ये अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केली. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी त्याआधी १९७१ मध्ये खुद्द मन्रो यांच्यावर माहितीपट केला होता, त्यामुळे माणूस पडद्यावर नीट उतरला आहे. पण चित्रपटाने अनेक वर्षांच्या वाऱ्या एका प्रवासात बसवल्या. त्यातून एक भोळा म्हातारा गेला आणि जिंकून आला, असा समज होतो. प्रत्यक्षात १९६२ च्या धावेमागे ३६ वर्षांचे तोडमोडीचे काम होते.

१९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. गाडी चालवणे आता होणार नाही हे कळल्यावर त्यांनी आपल्या गाड्या गावातल्याच हेज यांच्या दुकानदारीकडे सोपवल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. इन्व्हरकार्गिलमधल्या हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे-स्क्रूंच्या फडताळांच्या सोबतीने, ती स्काउट पाहायला आजही लोक जातात.

विक्रमाच्या आकड्याचे काम मात्र त्यांच्यामागेही बाकी होते. १९६७ मध्ये दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी काढताना चूक झाल्याचे मुलगा जॉन याच्या लक्षात आले. अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने ती मान्य केली आणि २०१४ मध्ये, मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, मन्रो यांचा विक्रम ताशी १८३.५८६ मैलांवरून १८४.०८७ मैल असा दुरुस्त झाला.