लेस्ली क्लॉडियस : बिलासपूर ते रोम

चार ऑलिंपिक स्पर्धांमध्ये सहभागी झालेले जगातील पहिले हॉकीपटू आणि शंभर आंतरराष्ट्रीय सामन्यांचा टप्पा गाठणारे पहिले खेळाडू, असा दुहेरी मान लेस्ली वॉल्टर क्लॉडियस यांच्याकडे जातो. १९४८, १९५२ आणि १९५६ या तीन ऑलिंपिकमधील सुवर्णपदके आणि १९६० मधील रौप्यपदक ही त्यांची कमाई. यातील चौथे पदक भारतीय हॉकीच्या इतिहासात वेगळ्या कारणासाठी लक्षात राहिले. अठ्ठावीस सालापासून अखंड चालत आलेली ऑलिंपिक विजेतेपदाची परंपरा ज्या दिवशी खंडित झाली, त्या दिवशी भारतीय संघाचे नेतृत्व क्लॉडियस यांच्याकडे होते. तीन सुवर्णपदकांच्या वेळी श्रेय इतरांच्या वाट्याला अधिक आले. पराभवाच्या वेळी मात्र कर्णधार म्हणून त्यांचेच नाव पुढे राहिले. एका थोर खेळाडूच्या कारकिर्दीचे मोल करताना ही विसंगती ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

रेल्वेच्या गावातील बालपण

क्लॉडियस यांचा जन्म २५ मार्च १९२७ रोजी बिलासपूर येथे एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. आज छत्तीसगडमध्ये असलेले हे शहर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाग होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर असा बिलासपूरला पोहोचतो. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग विकसित केला आणि त्यावरील जंक्शनांच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. भिलाई त्या काळी एक लहानसे खेडे होते. पोलाद कारखान्यामुळे त्याचे शहरात रूपांतर होण्यास अजून तीन दशकांचा अवधी होता.

बिलासपूर, खरगपूर, नागपूर यांसारख्या रेल्वे वसाहतींमध्ये अँग्लो-इंडियन समाज मोठ्या संख्येने नोकरीस होता. इंजिनचालक, गार्ड, फोरमन, तारमास्तर अशी पदे या समाजातील लोकांकडे असत. रेल्वेच्या शाळा, रेल्वे इन्स्टिट्यूट आणि तिच्या लगतचे मैदान यांभोवती वसाहतीचे सामाजिक जीवन फिरत असे. संध्याकाळी काम संपले की हॉकी आणि फुटबॉल हे ठरलेले असे. भारतीय हॉकीच्या पहिल्या सुवर्णयुगात या समाजाने दिलेल्या खेळाडूंची संख्या मोठी आहे, त्याचे एक महत्त्वाचे कारण ही व्यवस्था होय. क्लॉडियस यांचे शालेय शिक्षणही बिलासपूरच्या रेल्वे शाळेतच झाले.

तथापि, त्यांचा पहिला खेळ हॉकी नव्हता. बंगाल-नागपूर रेल्वेच्या फुटबॉल संघात त्यांनी स्थान मिळवले होते. १९४६ मध्ये खरगपूर येथे रेल्वेचा हॉकी संघ बेटन चषक स्पर्धेच्या तयारीसाठी सराव करीत होता. सराव सामन्यात एक खेळाडू कमी पडला. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेत्या संघाचे खेळाडू डिकी कार हे तेथे उपस्थित होते. त्यांनी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या क्लॉडियस यांना बोलावून हातात स्टिक दिली आणि खेळण्यास उतरवले, अशी हकिकत सांगितली जाते. त्या वेळी क्लॉडियस एकोणीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांना रेल्वेच्या हॉकी संघात घेण्यात आले. बेटन चषक ही कोलकात्यात १८९५ पासून खेळली जाणारी, देशातील सर्वांत जुन्या हॉकी स्पर्धांपैकी एक होती आणि राष्ट्रीय निवड समितीचे लक्ष तिच्याकडे असे. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत क्लॉडियस भारतीय ऑलिंपिक संघात दाखल झाले.

स्वतंत्र भारताचे पहिले सुवर्ण

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी संघ निवडणे सोपे नव्हते. फाळणीमुळे पंजाबातील अनेक उत्तम खेळाडू पाकिस्तानात गेले होते. किशनलाल यांच्या नेतृत्वाखालील संघात मुंबईच्या खेळाडूंचा वाटा मोठा होता. गोलरक्षक लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस ही नावे त्या काळच्या मुंबईकर हॉकीप्रेमींच्या परिचयाची होती. एकवीस वर्षांचे क्लॉडियस याच संघातून प्रथम ऑलिंपिकला गेले. भारताने ऑस्ट्रिया, अर्जेंटिना, स्पेन आणि नेदरलँड्स यांना पराभूत केले आणि १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्ब्ली येथे अंतिम सामन्यात ब्रिटनवर ४-० असा विजय मिळवला. ज्या देशाने दीड शतक राज्य केले, त्याच्याच राजधानीत स्वतंत्र भारताचा तिरंगा प्रथमच विजयस्तंभावर चढला.

लंडनहून परतल्यानंतर १९४९ मध्ये क्लॉडियस कलकत्ता कस्टम्समध्ये रुजू झाले. कस्टम्स हा त्या शहरातील जुना आणि मानाचा हॉकी संघ होता. पुढील सर्व आयुष्य त्यांनी कोलकात्यातच व्यतीत केले.

हाफबॅकची कला

क्लॉडियस राइट हाफच्या जागेवर खेळत. आजच्या प्रेक्षकाला या जागेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या रचनेची माहिती असणे उपयुक्त ठरेल. संघात पाच आघाडीवीर, तीन हाफबॅक, दोन फुलबॅक आणि गोलरक्षक अशी मांडणी असे. गोल करण्याचे काम पाच जणांचे आणि प्रसिद्धीही बहुधा त्यांचीच. हाफबॅकला मात्र दोन्ही बाजूंनी राबावे लागे. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला अडवून चेंडू हिरावून घेणे आणि तो तत्काळ आपल्या आघाडीवीरापर्यंत योग्य वेगाने पोहोचवणे, ही दोन्ही कामे त्याचीच. राइट हाफची गाठ प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या बगलेवरून धावणाऱ्या, बहुधा संघातील सर्वांत वेगवान खेळाडूशी पडे.

कृत्रिम मैदाने ऑलिंपिकमध्ये १९७६ साली माँट्रियल येथे आली. क्लॉडियस यांचा सगळा काळ गवताच्या मैदानांचा. चेंडू कधी उसळत असे, कधी अडखळत असे. तो थांबवून ताब्यात घेणे हेच मोठे कौशल्य होते. शरीरयष्टीने ते धिप्पाड नव्हते. चेंडूवर झडप घालण्याची अचूक वेळ, चेंडू कोठे येणार याचा आधीच बांधलेला अंदाज आणि मोजून मापून दिलेला पास ही त्यांची शस्त्रे होती. धसमुसळेपणाची त्यांना गरज भासत नसे. सभ्य खेळाडू म्हणून त्यांची ख्याती अखेरपर्यंत टिकली.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये क्लॉडियस, केशव दत्त आणि गोविंद पेरुमल ही भारताची हाफबॅकची फळी होती. कुंवर दिग्विजयसिंह 'बाबू' कर्णधार होते. भारताने ऑस्ट्रियाला ४-०, ब्रिटनला ३-१ आणि अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे पराभूत केले. अंतिम सामन्यातील सहापैकी पाच गोल बलबीरसिंग यांनी केले आणि हा ऑलिंपिक विक्रम आजही सांगितला जातो. या आघाडीला चेंडूचा सततचा पुरवठा मागच्या फळीकडून होत होता, याची नोंद धावफलकावर होत नाही.

मेलबर्न : निसटता विजय

१९५६ मध्ये मेलबर्न येथे बलबीरसिंग कर्णधार होते. भारताने अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ आणि सिंगापूरवर ६ गोल चढवले. आकडे पाहता स्पर्धा एकतर्फी वाटते. परंतु उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध भारताला प्रत्येकी एकच गोल करता आला. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. या दुसऱ्या विक्रमात बचावपटूंचा, पर्यायाने क्लॉडियस यांच्या फळीचा वाटा उघड आहे. अंतिम सामन्याचा निर्णय रणधीरसिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केलेल्या गोलाने लागला. ऑलिंपिकमध्ये भारत आणि पाकिस्तान समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ होती.

क्लॉडियस यांचे हे सलग तिसरे सुवर्णपदक. मात्र दोन्ही देशांमधील अंतर जवळजवळ संपुष्टात आले आहे, याचा तो स्पष्ट संकेत होता. १९५८ मध्ये टोकियो येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत हॉकीचा प्रथमच समावेश झाला. तेथे भारत-पाकिस्तान सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि गोलसरासरीच्या आधारे सुवर्णपदक पाकिस्तानला मिळाले.

रोममधील तो दिवस

या पार्श्वभूमीवर १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी कर्णधारपद क्लॉडियस यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय ३३ वर्षांचे होते. संघात शंकर लक्ष्मण आणि उधमसिंग यांच्यासारखे अनुभवी खेळाडू होते, तर पृथीपालसिंग यांच्यासारख्यांचे ते पहिलेच ऑलिंपिक होते. गटातील सामने भारताने सहज जिंकले. डेन्मार्कवर तर दहा गोल झाले. पुढे मात्र वाट अवघड होत गेली. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियावर मात करण्यासाठी जादा वेळ खेळावा लागला. उपांत्य फेरीत ब्रिटनविरुद्धही निर्णय एकाच गोलाने झाला. या सामन्यात चरणजितसिंग जखमी झाले आणि अंतिम सामन्यास मुकले.

ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या लढतीला आणखी एक पदर होता. त्या संघात एरिक पियर्स खेळत होते. भारतातून स्थलांतर करून गेलेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबातील पाच पियर्स बंधूंनी ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व केले. स्वातंत्र्यानंतर या समाजातील हजारो कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा येथे गेली. ज्या रेल्वे वसाहतींनी भारताला हॉकीपटू दिले, त्या वसाहतींतील मैदाने हळूहळू रिकामी होऊ लागली. भारताचे हे नुकसान इतर देशांचा लाभ ठरले. क्लॉडियस यांनी मात्र देश सोडला नाही.

९ सप्टेंबर १९६० रोजी अंतिम सामना झाला. पूर्वार्धातच पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी गोल केला. त्यानंतर भारताने बरोबरीसाठी निकराचे प्रयत्न केले; परंतु पाकिस्तानचा बचाव भेदता आला नाही. सामना ०-१ असा संपला. १९२८ मध्ये अॅमस्टरडॅम येथे सुरू झालेली सलग सहा सुवर्णपदकांची मालिका खंडित झाली. ऑलिंपिक हॉकीत भारताचा हा पहिलाच पराभव होता.

या निकालाचे देशभर तीव्र पडसाद उमटले. हॉकीतील सुवर्णपदक हा जणू जन्मसिद्ध हक्क आहे, अशी भावना रूढ झाली होती. वास्तविक मेलबर्न आणि टोकियो येथील निकालांनी बदलत्या परिस्थितीची सूचना आधीच दिली होती. पराभवाचे शल्य क्लॉडियस यांना दीर्घकाळ राहिले. चार वर्षांनी टोकियो येथे भारताने पाकिस्तानला १-० असे नमवून सुवर्णपदक परत मिळवले. रोमच्या अंतिम सामन्यास मुकलेले चरणजितसिंग त्या संघाचे कर्णधार होते. क्लॉडियस तोपर्यंत आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्त झाले होते. उधमसिंग यांनीही टोकियोत तिसरे सुवर्णपदक मिळवले आणि तीन सुवर्ण व एक रौप्य या विक्रमात ते क्लॉडियस यांचे भागीदार झाले.

निवृत्तीनंतर

कस्टम्सच्या संघातून क्लॉडियस १९६५ पर्यंत खेळत राहिले. पुढे त्यांनी निवड समितीचे सदस्य आणि भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणूनही काम पाहिले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी १९७८ च्या विश्वचषक स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व केले होते. पुढे तरुण वयातच रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. हा आघात पित्याने सोसला आणि कोलकात्यातील मॅकलिऑड स्ट्रीटवरील आपल्या घरी साधेपणाने आयुष्य काढले.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकनिमित्त तेथील भुयारी रेल्वेचा एक खास नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात स्थानकांना ऑलिंपिकमधील थोर खेळाडूंची नावे देण्यात आली होती. ध्यानचंद आणि रूपसिंग यांच्याबरोबर क्लॉडियस यांचेही नाव त्यात होते. ज्या शहरात ते पहिले ऑलिंपिक खेळले, त्याच शहराने चौसष्ट वर्षांनी त्यांचे स्मरण केले. त्याच वर्षी, २० डिसेंबर २०१२ रोजी, दीर्घ आजारानंतर वयाच्या ८५ व्या वर्षी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. कोलकात्याच्या मैदान परिसरातील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

छत्तीसगडचा वारसा

क्लॉडियस यांच्या तारुण्यात मध्य प्रांताचा एक कोपरा असलेला हा प्रदेश १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड या नावाने स्वतंत्र राज्य झाला. रोम ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, १९५९ मध्ये, भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली आणि देशभरातून आलेल्या कामगारांचे नवे शहर आकारास आले. रेल्वे वसाहतींचे जुने वैभव ओसरले, तरी या लोहमार्गावरील हॉकी संपली नाही. भिलाईला लागून असलेल्या दुर्गच्या सबा अंजुम यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या संघात त्या होत्या आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हॉकीची नर्सरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजनांदगावच्या रेणुका यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये खेळल्या.

या मुलींच्या पिढीने क्लॉडियस यांचा खेळ पाहिलेला नाही, आणि चित्रफितींच्या अभावी तो पुढेही फारसा पाहता येणार नाही. हाफबॅकच्या खेळाची मोजदाद गोलांच्या तक्त्यात होत नाही. त्यासाठी मेलबर्नमधील पाच सामन्यांत भारतावर न झालेले गोल मोजावे लागतात. रोममधील एका गोलाबरोबर त्यांचीही आठवण ठेवली, तर लेस्ली क्लॉडियस यांच्या कारकिर्दीचा हिशेब अधिक न्याय्य होईल.