पंधराचा वर्ग : पंडिता रमाबाई आणि मराठी बायबल



नाताळच्या आसपास आपल्या मावळातल्या बऱ्याच शाळांत सामान्यज्ञानाची चाचणी होते. एकेका बाकावर वेगवेगळ्या घरांतली मुलं बसलेली असतात, म्हणून रामायण-महाभारताच्या जोडीला बायबलवरचेही पाच-दहा प्रश्न आपण घालतो. जलप्रलयात तारू कोणी बांधलं? नोहाने. गल्याथाला गोफणीने कोणी पाडलं? दावीदाने. माशाच्या पोटात तीन दिवस कोण होता? योना. मुलं पटापट लिहितात, आपण टिक करतो, झाली चाचणी. मीही कित्येक वर्षं असेच प्रश्न काढत आले.

एका वर्षी पेपर तपासताना एका मुलीने शेवटच्या पानावर मलाच प्रश्न विचारलेला दिसला. हे सगळे लोक इतक्या लांबचे, मग त्यांच्या गोष्टी मराठीत कोणी आणल्या? खरं सांगते, मला धड उत्तर देता आलं नाही. फादर स्टीफन्स यांचं १६१६ सालचं क्रिस्तपुराण आठवलं, पण ते ओवीबद्ध पुराण, भाषांतर नव्हे. बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला होता, हेही आठवलं. पुढे मिशनरींनी आणि त्यांच्या पंडितांनी मिळून आणखी भाषांतरं केली. पण एका बाईने एकटीच्या हिमतीवर अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं, आणि तेही आपल्याच पुणे जिल्ह्यात बसून, हे मला तेव्हा सुचलंच नाही. नाव तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे : पंडिता रमाबाई. पाठ्यपुस्तकात त्या शारदा सदनापाशी थांबतात. आज आपण त्याच्या पुढे जाऊ.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मसभेपुढे उत्तर द्यावं लागलं होतं. पुढे आई लक्ष्मीबाईंनीच लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराणं सांगत देशभर फिरायचं. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते असं सांगतात. आता विचार करा, शाळेचा उंबरा न ओलांडलेली ही मुलगी!

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मागोमाग आई आणि थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत, उपाशी राहत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हातात वेद ठेवले. बायकांनी वेद वाचायचे नसतात असं शिकलेल्या मुलीच्या हातात ते प्रथमच पडत होते.

याच कलकत्त्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एका ख्रिस्ती मेळाव्यात या बहीणभावाला संस्कृत बायबल भेट मिळालं. दोघांनी उघडून पाहिलं, पण त्यांनी वाचलेल्या संस्कृतापेक्षा ती भाषा इतकी वेगळी की काही पदरात पडेना. पुस्तक बाजूला राहिलं. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटलं, तिला संस्कृत बायबल कळेना! अक्षर ओळखीचं, शब्द ओळखीचे, तरी अर्थ बंद. आपल्या वर्गात धडा घडाघडा वाचणारी आणि आशय विचारला की गप्प बसणारी मुलं आठवतात की नाही?

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून दोन्हीकडून बोलणी खाल्ली. आसामातल्या सिल्चरच्या घरी नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. हे मात्र त्यांना वाचवलं. लक्षात घ्या, संस्कृतातून जे आत गेलं नाही ते बोलत्या भाषेतून गेलं. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला पती पटकीने गेले.

त्यानंतर त्या पुण्याला आल्या. महाराष्ट्रात राहायला आल्या तेव्हा चोविशी चालू होती. इथे आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठामपणे मांडलं. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टर्स त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात, वाट चुकलेल्या बायकांसाठी चालवलेल्या घरात घेऊन गेल्या. तिथे एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. गोष्ट आपल्या चाचणीत क्वचितच येते. भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी धर्मावर बोलतो. आपल्याकडच्या टाकलेल्या बायका, विधवा, त्यांना कोण असं बोलायला बसवतं, हा प्रश्न रमाबाईंच्या मनातून गेला नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणून सगळं मुकाट्याने मानलं असं मात्र नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवरून त्यांनी तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर्सशी पत्रांतून जोरात वाद घातला. कोणी सांगितलं म्हणून त्या मान्य करणार नव्हत्या, स्वतः वाचून ठरवणार होत्या. पुढे अमेरिकेत गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर १८८७ मध्ये इंग्रजी पुस्तक लिहिलं, मदत उभी केली, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. १८९० मध्ये सदन पुण्याला आलं.

इथला वाद पालकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. सदनात कोणत्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही असं ठरलं होतं. रमाबाई वर्गात बायबल शिकवत नसत, पण स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, वाचत, आणि ज्या मुली येऊन बसत त्यांना हाकलत नसत. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर? मला वाटतं, पालकांची धास्ती अगदीच खोटी नव्हती, कारण लहान मुली ज्यांच्यावर जीव लावतात त्यांच्यासारख्याच होऊ पाहतात. पण घरी नेलेल्या बालविधवांच्या हातातून वही-पेन्सिलही गेली, हेसुद्धा तितकंच खरं. रमाबाईंनी दार लावून घेतलं असतं तर? त्या लावणाऱ्यांतल्या नव्हत्या, एवढंच म्हणते.

आता लोणावळ्याकडे येऊ. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात गावाचं नाव लानोली असं दिसतं. बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन तीस-एक वर्षं झाली होती, मुंबई-पुण्याच्या मधलं हे थंड हवेचं ठिकाण, म्हणून ख्रिस्ती मंडळी इथे प्रार्थना शिबिरं भरवत. १८९६-९७ च्या दुष्काळाआधी अशाच एका शिबिराला रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन आल्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या, सूर्य वर येताना पाहिला आणि मनाशी मागणं मागितलं की या पंधरांचा वर्ग होऊ दे. गणितातला वर्ग बरं का! पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. तेव्हा सदनात एवढ्या मुलींना पुरेशी जागासुद्धा नव्हती.

पुढच्या शिबिरापर्यंत मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. स्वतःचे आईवडील भुकेने गेलेले पाहिलेल्या बाईला घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि तीनशेहून जास्त मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग. सरकारने एवढ्या मुली शहरात ठेवायला मनाई केली, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकले गेले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, अंध मुलींचं शिक्षण, आणि छापखाना.

या दोन हजार जणींत बहुतेक शेतकरी-मजूर घरांतल्या. अक्षरओळख झाली की त्या मराठी बायबल वाचू लागत आणि अडखळत. त्या वेळची भाषांतरं पंडितांच्या मदतीने झालेली, त्यांत संस्कृत शब्दांची गर्दी. कलकत्त्यात स्वतःला आलेला अनुभवच रमाबाईंपुढे पुन्हा उभा राहिला, फक्त यावेळी वाचणाऱ्या त्यांच्या मुली होत्या. मग त्यांनी ठरवलं की आपणच भाषांतर करायचं, आणि इंग्रजीवरून नाही. जुन्या कराराची मूळ भाषा बहुतांशी हिब्रू, नव्याची ग्रीक. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या या दोन्ही भाषा शिकायला बसल्या. वर दोन हजार माणसांचा संसार चालूच.

गंमत बघा, आयुष्यभर ज्या संस्कृतावर नाव झालं तेच त्यांनी भाषांतरात जाणीवपूर्वक दूर ठेवलं. कठीण शब्द आला की साध्या मुलीला तो कळेल का, हे पाहायचं. मला आपल्याच मावळातली कार्ल्याची लेणी आठवतात. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांनी, भिक्षूंनी तिथे दानाचे लेख कोरले ते प्राकृतात, लोक बोलत त्या भाषेत. मुलांना तिकडे सहलीला नेता ना? तेव्हा हे दाखवा.

भाषांतराला पंधराहून जास्त वर्षं लागली. बायबलची ६६ पुस्तकं, जुना करार ३९ आणि नवा २७. मुक्तीच्याच छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. कालपर्यंत अक्षरशत्रू असलेल्या बायकांनी रूथची गोष्ट उलट्या अक्षरांत जुळवली. रूथ कोण, हा आपल्या चाचणीतला दोन गुणांचा प्रश्न. ती परक्या मुलखातली तरुण विधवा, सासूला न सोडता बेथलेहेमला आली आणि दुसऱ्याच्या शेतात कापणीमागे पडलेली कणसं वेचून दोघींचं पोट भरू लागली. दुष्काळातून उचलून आणलेल्या बाईला ही माहिती पाठ करायची गरज पडली असेल का, तुम्हीच सांगा.

भाषांतर निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही. मूळ शब्दाला फार चिकटून राहिल्यामुळे काही वाक्यं मराठीच्या वळणाची वाटत नाहीत, आणि चर्चमध्ये वाचायला बायबल सोसायटीचीच प्रत सर्रास वापरात राहिली. शिवाय एकटीने केलेलं काम, तपासायला समिती नाही. पण ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या हातात ते पडलं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. लेकच पुढे सगळं चालवेल असा भरवसा होता, तो संपला. रमाबाईंची तब्येत खचलेली, कान जवळजवळ गेलेले, तरी प्रुफं तपासणं थांबलं नाही. शेवटची प्रुफं हातावेगळी केली आणि त्या गेल्या, असं सांगतात. तारीख ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

त्या मुलीचं उत्तर मी पुढच्या वर्षी दिलं, फळ्यावर १५ चा वर्ग मांडून. आता चाचणीत नावं कमी आणि गोष्टी जास्त विचारते. रूथला कणसं का वेचावी लागली, असा प्रश्न घातला की ख्रिस्ती घरातली मुलंही थांबून विचार करतात, आणि ज्यांच्या घरी मजुरी आहे ती मुलं कधीकधी सगळ्यांत चांगलं लिहितात.

केडगावला वर्ग न्यायचा असेल तर लोणावळ्याहून लोकलने पुणे, तिथून दौंडकडची गाडी. मुक्ती मिशन आजही तिथे आहे. आधी विचारून जा, आणि मुलांना रूथची गोष्ट निघण्याआधी सांगून ठेवा.