ग्रेस हॉपर : कोडला नावाने हाक मारायला शिकवणाऱ्या बाई

ॲपवर बटण दाबलं, गोल चक्कर फिरत राहिलं आणि शेवटी एरर आला, असं तुमच्या मोबाईलवर कितीदा झालंय? पडद्यामागे बऱ्याचदा गोष्ट एवढीच असते की वेब ॲपने डेटाबेसमधल्या एका स्टोअर्ड प्रोसिजरला हाक मारली आणि ती हाक नीट पोचली नाही. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमध्येच नाव देऊन साठवलेला कोड. ॲपने फक्त नाव घ्यायचं, लागणारी माहिती म्हणजेच पॅरामीटर द्यायचे, पुढचं काम डेटाबेस करतो.

ही हाक कुठे अडली हे कसं शोधायचं, असं कोणी विचारलं की मी आधी ग्रेस हॉपर यांची गोष्ट सांगतो. त्यांच्या काळात आजच्यासारखे डेटाबेस नव्हते. पण साठवलेल्या कोडला बाहेरून हाक मारायची कल्पना रुजवणाऱ्यांत त्या अगदी पुढे होत्या.

सात घड्याळं

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सात वर्षांच्या असताना त्यांनी घरातलं गजराचं घड्याळ खोललं. ते परत जुळेना, म्हणून आतली रचना बघायला दुसरं खोललं, मग तिसरं. अशी सात घड्याळं उघडी पडली! आईने शेवटी एकाच घड्याळाची परवानगी ठेवली.

पुढे त्यांनी येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात पीएचडी केली आणि व्हासार कॉलेजात शिकवलं. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा त्या अमेरिकन नौदलाच्या राखीव दलात गेल्या. वजन नियमापेक्षा कमी भरलं, तर त्यासाठी खास सूट मिळवली. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डच्या मार्क वन या यंत्रावर झाली. हे यंत्र तब्बल ५१ फूट लांब होतं आणि छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवरून सूचना वाचायचं.

वहीतून उतरवलेला कोड

युद्धाची गणितं होती. एक आकडा चुकला तर सगळं उत्तर वाया जाणार. हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी नेहमी लागणाऱ्या गणितांचे तयार तुकडे वह्यांमध्ये लिहून ठेवायचे आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून हाताने उतरवून घ्यायचे. त्यांच्या लक्षात आलं की चांगले हुशार लोकही उतरवताना चुकतात. आणि उतरवणं हे तर यंत्राचंच काम!

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक संगणक तयार होत होता. १९५२ पर्यंत त्यांनी ए-झिरो ही प्रणाली उभी केली. कोडचे तुकडे चुंबकीय फितीवर साठवलेले आणि प्रत्येकाला एक हाक-क्रमांक दिलेला. प्रोग्रॅमरने क्रमांक आणि पॅरामीटर लिहायचे, तुकडा शोधून जागेवर जोडायचं काम यंत्र करणार.

फरक इतकाच, की ए-झिरो त्या तुकड्याची नक्कल प्रोग्रॅममध्ये आणायची, तर स्टोअर्ड प्रोसिजर डेटाबेसमध्येच राहते. पण हाक मारताना होणाऱ्या चुका आजही त्याच जातीच्या आहेत. म्हणून हे आधी तपासा:

- नाव बरोबर आहे का? ॲप त्याच डेटाबेसला जोडलंय का, की टेस्टिंगच्या?
- परवानगी आहे का? तुम्ही ॲडमिन म्हणून चालवता तेव्हा प्रोसिजर चालते, पण ॲपचा युजर वेगळा असतो. त्याला एक्झिक्यूटचा अधिकार द्यावा लागतो.
- पॅरामीटर किती, कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रकारचे? तारखेत दिवस आणि महिना उलटा गेला, तर कधीकधी एरर येतच नाही, फक्त उत्तर चुकतं. ते जास्त वाईट.

पाखराची नोंद

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एफ पॅनेलच्या ७० नंबरच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला, रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि शेजारी खरा बग मिळाल्याचं लिहून ठेवलं. बरेच जण म्हणतात की तो हॉपरबाईंनी शोधला आणि बग हा शब्दही तेव्हाच आला. दोन्ही खरं नाही. बग हा शब्द बिघाडासाठी आधीपासून वापरात होता. हॉपरबाईंनी तो किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला, त्यामुळे तो जगभर पोचला.

मला त्यातली नोंदवही महत्त्वाची वाटते. वेळ, जागा, कारण आणि पुरावा, सगळं एका पानावर. आपणही अंदाजाने कोड बदलत बसण्याआधी लॉग उघडावा. ॲपने नेमके कोणते पॅरामीटर पाठवले ते तिथे बघा. मग त्याच युजरने, त्याच पॅरामीटरने, प्रोसिजर थेट डेटाबेसमध्ये चालवा. तिथेही अडली तर दोष प्रोसिजरमध्ये किंवा परवानगीत. तिथे चालली तर दोष ॲप आणि डेटाबेसच्या मधल्या वाटेत. शोधायची जागा निम्मी झाली ना!

मधल्या वाटेवरचं एक नेहमीचं दुखणं सांगतो. मायएसक्यूएलमध्ये कॉल केल्यावर डेटासोबत एक जास्तीचा निकालही परत येतो. पीएचपीमधून तो पूर्ण वाचून मोकळा केला नाही, तर पुढची क्वेरी क्रम बिघडल्याचा एरर देते. अशा वेळी प्रोसिजर निर्दोष असते आणि आपण तिलाच दोष देत बसतो.

भाषा कोणतीही असो

हॉपरबाईंचं म्हणणं होतं की धंद्याचा माणूस शब्दांत विचार करतो, म्हणून संगणकाला शब्दांत सूचना देता आल्या पाहिजेत. संगणकाला शब्द कळत नाहीत, असं उत्तर त्यांना मिळालं. त्यांनी तरीही भाषा तयार केली आणि त्याच सूचना फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवल्या. वरिष्ठ चक्रावले. पण यंत्राच्या लेखी ती सगळी चिन्हंच होती. यातून फ्लो-मॅटिक आली आणि तिचा मोठा प्रभाव १९५९ मध्ये आकाराला आलेल्या कोबोलवर पडला. त्याच सुमारास, १९६० मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात बांधलेला टिफ्रॅक संगणक रीतसर सुरू झाला.

मराठीत ॲप बनवणाऱ्यांना हा मुद्दा रोज भेटतो. फॉर्ममध्ये नशिराबाद लिहिलं आणि डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर समजा की चिन्हं वाटेत बदलली. मायएसक्यूएलमध्ये टेबल, कनेक्शन आणि प्रोसिजरचे पॅरामीटर, तिन्ही यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पॅरामीटर व्हारचार नको, एनव्हारचार हवा. टेबल बरोबर असूनही पॅरामीटरच्या दारात मराठी अडकते, हे ध्यानात ठेवा.

फूटभर तार

नौदलात हॉपरबाई भाषणाला जाताना तारेचे तुकडे घेऊन जायच्या. प्रत्येक तुकडा ११.८ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, हे त्या लोकांच्या हातात देऊन समजवायच्या.

आता आपला हिशोब करू. समजा नशिराबादमध्ये ॲप चालतंय आणि डेटाबेस मुंबईत आहे, सुमारे ४०० किलोमीटरवर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला २ आणि यायला २, एका फेरीला किमान ४ मिलिसेकंद. ५० क्वेऱ्या एकापाठोपाठ पाठवल्या तर २०० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात गेले. तेच काम एका स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये बांधलं तर एकच फेरी. म्हणून ॲप हळू असेल तर आधी फेऱ्या मोजा, मग सर्व्हर वाढवा.

हॉपरबाई १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून नौदलातून निवृत्त झाल्या. तरीही घरी न बसता त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव मिळालं आणि २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या एआय चिप्सच्या रचनेलाही हॉपर हेच नाव दिलं.

पुढच्या वेळी प्रोसिजर अडली तर नाव, परवानगी, पॅरामीटर, लॉग, चिन्हं आणि फेऱ्या, याच क्रमाने जा. आणि घड्याळ खोलायला घाबरू नका, फक्त एका वेळी एकच खोला.