चीनच्या रणभूमीवरील सोलापूरचे डॉक्टर : द्वारकानाथ कोटणीस

१ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टरांचे एक पथक मुंबई बंदरातून चीनकडे रवाना झाले. ज्या देशाच्या नावाने हे पथक निघाले, त्या देशाला तेव्हा स्वतःचे सरकारही नव्हते. मग परराष्ट्र खाते आणि राजदूत तर दूरच राहिले. तरीही स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र धोरणाचा इतिहास लिहिताना या प्रवासाची नोंद टाळता येत नाही. पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. ते पुन्हा मायदेशी आले नाहीत.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर व्यापक आक्रमण केले. चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची मागणी केली. काँग्रेसने १९३६ सालीच आपला परराष्ट्र विभाग सुरू केला होता. फेब्रुवारी १९३८ मधील हरिपुरा अधिवेशनात चीनविषयी सहानुभूती व्यक्त करून जपानी मालावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन करण्यात आले. मात्र लढणाऱ्या देशाला केवळ ठरावांचा उपयोग थोडा. अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेकडे निधीसाठी आवाहन केले आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. सैन्य किंवा शस्त्रे पाठविणे पारतंत्र्यातील देशाला शक्य नव्हते. डॉक्टर पाठविणे शक्य होते. इंग्रज सरकारच्या धोरणाहून वेगळे असे भारतीय जनतेचे स्वतःचे परराष्ट्र धोरण असू शकते, हे या पथकाने जगाला दाखविले. पुढे १९४३ मध्ये बोस यांनीच भारताच्या मुक्तीसाठी त्याच जपानचे साहाय्य घेतले, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

पथकाचे नेतृत्व अलाहाबादचे डॉ. मदन अटल यांच्याकडे होते. स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर तसेच कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे अन्य सदस्य होते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेल्या कोटणीस यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. पदव्युत्तर अभ्यासाची त्यांची इच्छा होती. ती बाजूला ठेवून त्यांनी चीनला जाण्यासाठी नाव दिले. चीनमध्ये कसले युद्ध चालले आहे याची घरच्या मंडळींना पुरेशी कल्पनाही नसावी.

कँटन बंदरात सन यत्‌ सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी पथकाचे स्वागत केले. तेथून हानको, ईचांग असा प्रवास करत पथक चुंगकिंगला पोहोचले. तेथे पाचही जणांनी आपल्या नावाला चीनचे वाचक असे 'हुआ' हे अक्षर जोडून चिनी नावे धारण केली. कोटणीस 'के तिहुआ' झाले. याच शहरात वडिलांच्या निधनाची बातमी त्यांना मिळाली. परत जावे, असे सहकाऱ्यांनी सुचविले. त्यांनी थांबण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाची किंमत सोलापुरातील घराने मोजली, हे त्यांच्या गौरवाच्या भाषणांतून सहसा सांगितले जात नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे आजारपण आणि अन्य कारणांनी मुखर्जी, चोळकर आणि अटल एकामागोमाग मायदेशी परतले. बसू १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील वुताई पर्वताच्या परिसरात, जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या मुलखात काम करू लागले. तेथे रुग्णालय म्हणजे खेड्यातील घर. शत्रू जवळ आला की जखमींसह तेही हलवावे लागे. औषधे आणि उपकरणांची सतत टंचाई असे. या काळात कोटणीस यांनी चिनी भाषा आत्मसात केली. ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकही लिहू लागले. मदतीला आलेला पाहुणा आणि तेथलाच झालेला डॉक्टर यांतील अंतर त्यांनी या भाषेच्या बळावर ओलांडले.

कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून याच मुलखात काम करत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभारलेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी परिचर्या शिकविणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. सेनापती निए रुंगचेन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत आणि चीन, असे ठेवण्यात आले. त्याच वर्षी कोटणीस यांनी चीनच्या साम्यवादी पक्षाचे सदस्यत्वही स्वीकारले होते.

अपस्माराचे झटके त्यांना सतावत होते. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, हेबेई प्रांतातील थांग परगण्यात त्यांचे निधन झाले. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अपूर्ण राहिला आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

स्वातंत्र्यानंतर वैद्यकीय सेवेचा हा मार्ग भारताने शासकीय पातळीवर चालू ठेवला. १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले तेव्हा लढाऊ तुकडी न पाठविता भारताने ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. १९६४ पासून विकसनशील देशांना तज्ज्ञ आणि प्रशिक्षण पुरविणारा भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम सुरू झाला.

कोटणीस यांच्या नावाचा वापर मात्र दोन्ही देशांच्या संबंधांतील चढउतारांप्रमाणे कमीअधिक होत राहिला. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढून त्यांचे नाव घरोघर पोहोचविले. १९६२ च्या सीमायुद्धानंतर ही मैत्रीची कथा सांगणे अवघड होऊन बसले. १९८२ मध्ये चीनने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. भारताचे तिकीट १९९३ मध्ये निघाले. २००६ मध्ये हू जिंताओ यांनी मुंबईत, तर २०१४ मध्ये शी जिनपिंग यांनी दिल्लीत कोटणीस यांच्या नातेवाइकांची भेट घेतली. त्याच २०१४ मध्ये, शी भारतात असतानाच, लडाखमधील चुमार येथे दोन्ही देशांचे सैनिक समोरासमोर उभे होते.

यिनहुआ वडिलांप्रमाणेच वैद्यकशास्त्राकडे वळले होते. १९६७ मध्ये, पंचविशीही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले. गुओ छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन सासरच्या मंडळींना भेटून गेल्या. सोलापुरातील कोटणीस यांच्या घराचे स्मारक जानेवारी २०१२ मध्ये खुले झाले. त्याच वर्षी जून महिन्यात गुओ यांचे चीनमधील दालियन येथे निधन झाले.