जांभळ्या डागांमागचा दुर्मीळ कॅन्सर ओळखणारे डॉक्टर : मॉरित्स कापोसी

उतारवयात पावलांवर जांभळट डाग उठले, तर घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. वय झालं, रक्त साकळलं असेल, कुठे तरी लागलं असेल, असं म्हणून विषय संपतो. दुखत नाही, खाजत नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं? बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतंही. पण दीडशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या एका डॉक्टरांनी अशा डागांकडे नीट पाहिलं आणि एका दुर्मीळ कॅन्सरची पहिली सविस्तर नोंद झाली. आजही तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो : कापोसी सार्कोमा.

कोन आडनावाचे कापोसी कसे झाले?

२३ ऑक्टोबर १८३७ रोजी हंगेरीतल्या कापोशवार गावात एका गरीब ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव मॉरित्स कोन. १८५६ मध्ये ते डॉक्टरकी शिकायला व्हिएन्नात आले आणि १८६१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले.

त्या काळात त्वचारोग शिकायचे तर व्हिएन्नासारखं ठिकाण नव्हतं, कारण तिथे फर्डिनांड फॉन हेब्रा होते. रक्त बिघडलं की अंगावर उठतं, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. हेब्रांनी मात्र त्वचेचा आजार त्वचेतच शोधायला शिकवलं. खरूज रक्तदोषाने होत नाही, ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते, हे त्यांनी ठासून मांडलं. कोन त्यांच्या हाताखाली तयार झाले.

पुढे त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला आणि हेब्रांच्या मुलीशी, मार्थाशी लग्न केलं. १८७१ मध्ये आडनावही बदललं. व्हिएन्नात कोन नावाचे बरेच डॉक्टर होते, त्यामुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी त्यांनी आपल्या गावावरून कापोसी हे नाव घेतलं, असं सांगितलं जातं. सासऱ्यांची गादी मिळवायची म्हणून हे सगळं केलं, असे टोमणेही त्यांना ऐकावे लागले. पण लवकरच त्यांचं काम बोलू लागलं.

१८७२ : पाच रुग्ण आणि एक शवविच्छेदन

१८७२ मध्ये कापोसींनी पाच रुग्णांची हकीकत छापली. पाचही जण पुरुष, चाळिशीच्या पुढचे. तळपाय आणि हातांवर लालसर-तपकिरी, मग निळसर-जांभळ्या होत जाणाऱ्या गाठी. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत त्या वर सरकत जायच्या. पाय सुजायचे.

त्यातला एक रुग्ण सुमारे सव्वा वर्षात दगावला. शवविच्छेदनात तशाच गाठी फुफ्फुसात आणि पचनमार्गातही सापडल्या. म्हणजे जे त्वचेवर दिसत होतं, ते फक्त त्वचेपुरतं नव्हतं.

या आजाराला त्यांनी लांबलचक नाव दिलं. त्यातला एक शब्द महत्त्वाचा होता : 'इडिओपॅथिक', म्हणजे ज्याचं कारण सापडलेलं नाही असा. माहीत नसलेल्या गोष्टीवर त्यांनी अंदाजाचं पांघरूण घातलं नाही. पुढे १८९१ मध्ये हाइनरिख कोबनर यांनी या आजाराला कापोसींचं नाव द्यावं असं सुचवलं आणि ते रूढ झालं.

सार्कोमा म्हणजे हाडं, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा आधार देणाऱ्या ऊतींमध्ये होणारा कॅन्सर. एकूण कॅन्सरमध्ये सार्कोमाचं प्रमाण अगदी कमी. कापोसी सार्कोमा रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्यांच्या आतल्या अस्तराशी जोडलेला आहे, म्हणूनच त्याचा रंग जांभळा.

कापोसी कुठे चुकले?

हा आजार दोन-तीन वर्षांत जीव घेतो आणि त्यावर कोणताही इलाज चालत नाही, असं कापोसींचं मत होतं. त्यांच्यासमोरचे रुग्ण पाहता ते स्वाभाविक होतं. पण पुढे जास्त रुग्ण पाहिल्यावर वेगळंच चित्र समोर आलं. भूमध्य समुद्राभोवतीच्या आणि पूर्व युरोपातल्या वयस्क पुरुषांमध्ये दिसणारा हा प्रकार बहुधा वर्षानुवर्षं रेंगाळतो. अनेक रुग्ण या आजारासोबत जगतात आणि शेवट वेगळ्याच कारणाने होतो.

ज्येष्ठ रुग्णांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. आजार संथ असेल, तर थकलेल्या शरीरावर जोरदार उपचारांचा मारा करण्याची गरज नसते. आणि वय झालंय म्हणून काहीच करायचं नाही, हेही चूक.

त्यांच्या अचूक वर्णनाचा फायदा १०९ वर्षांनी झाला

कापोसींचं आजाराचं वर्णन इतकं नेमकं होतं की हा म्हाताऱ्या माणसांचा, क्वचित दिसणारा आजार, अशी त्याची ओळख पक्की झाली. म्हणूनच १९८१ मध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ तुलनेने तरुण पुरुषांमध्ये तो आढळल्याची नोंद आली, तेव्हा डॉक्टर चमकले. एड्सच्या साथीची ती सुरुवातीच्या खुणांपैकी एक ठरली.

'इडिओपॅथिक' या शब्दाचं उत्तर १९९४ मध्ये मिळालं. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याला या गाठींमध्ये हर्पिस कुळातला एक नवा विषाणू सापडला. आज तो एचएचव्ही-८ म्हणून ओळखला जातो. नुसता विषाणू असून बहुतेकांना काही होत नाही. वय, एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांमुळे प्रतिकारशक्ती ढिली पडली की धोका वाढतो.

आज निदान आणि उपचार कसे होतात?

नुसतं बघून निदान पक्कं होत नाही. पायातल्या शिरांच्या जुन्या दुखण्यातही हुबेहूब असेच डाग येतात. त्यामुळे बायोप्सी करावी लागते, म्हणजे डागाचा छोटा तुकडा काढून तपासतात. त्यात विषाणूच्या खुणाही शोधतात. रुग्णाचं वय कितीही असो, एचआयव्हीची चाचणी केली जाते.

डाग मोजके असतील आणि त्रास नसेल, तर काही वेळा फक्त लक्ष ठेवतात. सुजेसाठी घट्ट मोजे वापरतात. त्रासदायक गाठींवर रेडिएशन देतात, त्या गोठवतात किंवा कापून काढतात. आजार पसरला तर केमोथेरपी, तीही हृदय आणि किडनीची ताकद बघून. प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली किंवा बदलली, तर अनेकदा गाठी विरतात. एचआयव्ही असेल तर त्याची औषधं हाच उपचाराचा पाया असतो.

भारतात हा कॅन्सर फारच कमी आढळतो, त्यामुळे प्रत्येक डागाला घाबरायचं कारण नाही. पण वाढत जाणारा, संख्येने पसरणारा किंवा सुजेसोबत आलेला जांभळा डाग त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवा.

हेब्रांच्या निधनानंतर १८८१ मध्ये व्हिएन्नातल्या त्वचारोग विभागाची धुरा कापोसींकडे आली आणि ६ मार्च १९०२ रोजी त्यांचं निधन होईपर्यंत ते त्या शहरात शिकवत राहिले. ल्युपस हा आजार त्वचेपलीकडे शरीरातही पसरू शकतो, हेही त्यांनी नोंदवलं होतं. आजाराचं कारण त्यांना सापडलं नाही, त्याच्या भवितव्याचा अंदाजही पुरता बरोबर आला नाही. तरी त्यांनी पाच माणसांचे हातपाय बारकाईने पाहून जे लिहून ठेवलं, त्याच्याच आधारावर पुढच्यांना बाकीचं शोधता आलं.