आधी लोकांची पत्रं उघडली, मग त्यांनाच मत विचारलं!

१९४५. युद्ध हरलेला जपान अमेरिकी लष्कराच्या ताब्यात गेला. शिकागोचे तरुण मानववंशशास्त्रज्ञ हर्बर्ट पासिन सैन्यात जपानी भाषा शिकून फुकुओकाला पोचले. काम काय, तर सेन्सॉरशिप. म्हणजे सामान्य जपानी माणसांची खासगी पत्रंसुद्धा उघडून वाचायची!

पुढे गणवेश उतरला, पण पासिन जपानमध्येच राहिले. टोकियोत, लष्करी प्रशासनाच्या जनमत आणि समाजशास्त्र विभागात नागरी अधिकारी म्हणून. आता चोरून वाचायचं नव्हतं, थेट विचारायचं होतं.

विभागापुढचा सगळ्यात नाजूक विषय होता लिपी. कांजीची हजारो अक्षरं शिकणं अवघड, म्हणून लोक निरक्षर राहतात, सरळ रोमन लिपी आणा, असं काही अमेरिकी अधिकाऱ्यांचं म्हणणं. १९४८ मध्ये देशभरातून रँडम पद्धतीने निवडलेल्या सुमारे १७ हजार लोकांची चाचणी झाली. निरक्षर निघाले जेमतेम २ टक्के! रोमन लिपीच्या आग्रहातली हवाच गेली. (पैकीच्या पैकी गुण मिळवणारेही थोडेच होते, पण ते फारसं कुणी सांगत नाही.)

पासिन नंतर कोलंबिया विद्यापीठात, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते तिथे, समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. जपानवर ते लिहीत राहिले. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं.